धक्का कधी फाउल होतो?

१ जून २०२४. इंडियानापोलिसमध्ये इंडियाना फीव्हर आणि शिकागो स्काय यांचा महिला बास्केटबॉलचा सामना, तिसरा क्वार्टर संपायला काही सेकंद उरलेले. शिकागोच्या केनेडी कार्टरने नुकतीच बास्केट केली होती. आता इंडियानाने बाहेरून बॉल आत टाकायचा, आणि तो घ्यायला त्यांची स्टार केटलिन क्लार्क उभी. बॉल अजून खेळात आलेलाही नाही, तेवढ्यात कार्टरने मागून येऊन तिला कमरेचा असा धक्का दिला की क्लार्क सपशेल जमिनीवर. पंचांनी शिट्टी वाजवली, साधा फाउल दिला आणि खेळ पुढे चालू केला. व्हिडिओ बघितलाच नाही. इंडियाना ७१-७० असं जेमतेम जिंकलं.

दुसऱ्या दिवशी लीगने जाहीर केलं की तो साधा फाउल नव्हता, ‘फ्लेग्रंट १’, म्हणजे अनावश्यक धसमुसळेपणाचा, जास्त शिक्षेचा फाउल होता.

महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधला, म्हणजे अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएमधला, पंचांचा सगळा वाद या एका रात्रीत सापडतो. धक्का तोच, नियमपुस्तक तेच, आणि चोवीस तासांत त्याची दोन नावं. क्लार्कचे चाहते म्हणाले, पंच तिला मार खाऊ देतात. इतर खेळाडूंचे चाहते म्हणाले, एका धक्क्यावर देशभर चर्चा होते यालाच म्हणतात स्टारचे लाड. दोघं एकाच शिट्टीबद्दल बोलत होते.

आधी शाळेतला एक गैरसमज काढून टाकू. पीटीच्या सरांनी आपल्याला शिकवलेलं असतं की बास्केटबॉलमध्ये अंगाला हात लावायचा नाही. कागदावर ते बरोबर आहे. पण ९४ बाय ५० फुटांच्या कोर्टवर दहा जणी, त्यातल्या बऱ्याचशा सहा फूट किंवा त्याहून उंच, आणि सगळ्यांना बहुतेक वेळ एकाच टोकाच्या एकाच रिंगभोवतीची जागा हवी. अंगाला अंग लागणारच. एका संघाकडे सामन्यात साधारण ऐंशी वेळा बॉल येतो आणि प्रत्येक वेळी कुठे ना कुठे पाच-सहा तरी स्पर्श होतात: पाठीला कोपर, कमरेवर हात, अडवायला उभ्या राहिलेल्या मुलीवर आदळणारा खांदा. यातले पंधरा-वीस प्रसंगच एका संघावरचे फाउल म्हणून नोंदले जातात. बाकीचे शेकडो पंच बघतात आणि सोडून देतात. सोडून देणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग आहे. सगळेच पकडले तर चाळीस मिनिटांचा सामना मध्यरात्रीपर्यंत चालेल आणि शेवटी कोर्टवर खेळायला कुणी उरणार नाही, कारण सहा फाउल झाले की खेळाडू बाहेर.

मग कुठला पकडायचा आणि कुठला सोडायचा? अमेरिकेतल्या पंचांना यासाठी चार गोष्टी बघायला शिकवतात: लय, वेग, तोल आणि चपळाई. स्पर्शामुळे खेळाडूची यातली एखादी गोष्ट बिघडली का? बिघडली तर फाउल, नाही तर खेळ चालू. क्रिकेटमधल्या एलबीडब्ल्यूसारखंच आहे हे. पंचाला घडलेलं बघायचं नसतं, न घडलेलं ताडायचं असतं. पॅड मध्ये नसता तर चेंडू कुठे गेला असता? धक्का लागला नसता तर ती मुलगी कुठे पोचली असती? फरक एवढाच की एलबीडब्ल्यूत निदान तीन स्टंप जागेवर उभे असतात.

काही बाबतींत नियम बराच स्पष्ट आहे. बचाव करणारी खेळाडू आधी जागेवर पोचली, सरळ वर उडी मारली आणि हात उभेच ठेवले तर समोरची तिच्यावर आदळली तरी दोष बचाव करणारीचा नाही. बॉलवर असलेल्या हाताला हात लागला तर तो हात बॉलचाच भाग धरतात. मनगटाला लागला तर फाउल. नेम मारून हवेत असलेल्या खेळाडूला खाली उतरायला जागा द्यावीच लागते, तिच्या पायाखाली पाय सरकवणं धोक्याचं आणि महागाचं. हे व्हिडिओवर निदान तपासता येतं. खरी मारामारी होते ती बॉलपासून दूर. धावत सुटणाऱ्या खेळाडूची जर्सी धरणं, तिच्या पोटावर आडवा हात ठेवणं, वाट अडवून तिला थोडं थोडं ढकलत राहणं. प्रत्येक स्पर्श क्षुल्लक. सगळ्यांची बेरीज मात्र अशी की तिला हवी ती जागा रात्रभर मिळतच नाही.

‘तोल बिघडला का’ या कसोटीत एक गंमतशीर अन्याय दडलेला आहे. सडपातळ गार्डला (बॉल पुढे आणणारी, बहुधा लहान चणीची खेळाडू) कोपर लागलं तर ती दोन पावलं हलते, पंचाला दिसतं, शिट्टी वाजते. तेच कोपर सहा फूट नऊ इंचांच्या ब्रिटनी ग्रायनरला लागलं तर ती हलत नाही. जिचा तोल जात नाही तिला फाउल मिळत नाही, म्हणून तिला जास्त जोरात मारायला हरकत नाही असा हिशोब होतो. ताकदीचा दंड भरावा लागतो. त्यामुळे काही खेळाडू मुद्दाम लागल्यापेक्षा जास्त लागल्याचं दाखवतात, मान मागे टाकतात, हात पसरून पडतात. या नाटकालाही नियमात शिक्षा आहे, पण ते करायला शिकवते ती पंचांचीच कसोटी.

आता किंमत बघू, कारण किंमत समजल्याशिवाय प्रशिक्षकांचं डोकं समजत नाही. साधा फाउल स्वस्त असतो. दहा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये संघाच्या पहिल्या चार फाउलांना, नेम मारणारीवर केलेले सोडले तर, फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचा नेम) नाही; फक्त बॉल पुन्हा समोरच्याकडे. पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. फ्लेग्रंट १ म्हणजे अनावश्यक धसमुसळेपणा: दोन फ्री थ्रो, वर बॉलही त्यांचाच. फ्लेग्रंट २ म्हणजे अनावश्यक आणि अतिरेकीही: तेवढंच, शिवाय खेळाडू सामन्याबाहेर. टेक्निकल हा वागणुकीचा फाउल, पंचांशी हुज्जत घातली, शिवी दिली, वगैरे.

हिशोब करा. समोरच्या संघात एकच खेळाडू अशी की तिच्या हातात बॉल असला की खेळ उघडतो. तिला बॉल मिळण्याआधीच ९४ फूट पिच्छा पुरवायचा, एका पाठोपाठ एक ताज्या दमाच्या मुली तिच्या अंगावर सोडायच्या, पंच कुठवर चालवून घेतात ते पहिल्या पाच मिनिटांत आजमावायचं. पाचपैकी एक धक्का पकडला गेला तरी सौदा फायद्याचा. यात क्लार्कशी कुणाचं वैर असण्याची गरज नाही. २०२४मध्ये, आपल्या पहिल्याच मोसमात, तिने सामन्यामागे सरासरी ८.४ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) दिले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. डॅलसविरुद्ध एका सामन्यात १९, तो लीगचा विक्रम. अशा मुलीला मोकळं सोडणारा प्रशिक्षक नोकरी गमावेल.

आणि हे तिच्यापासून सुरू झालेलं नाही. १९९७मध्ये पहिला सामना झाल्यापासून ही लीग धसमुसळी म्हणून ओळखली जाते. पुरुषांच्या डेट्रॉइट पिस्टन्सच्या बदनाम ‘बॅड बॉइज’ संघातला बिल लेंबियर पुढे डेट्रॉइट शॉक या महिला संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याने तीन अजिंक्यपदं मिळवली, २००३, २००६, २००८. जुलै २००८मध्ये शॉक आणि लॉस एंजेलिस स्पार्क्स यांच्या सामन्यात खेळाडू एकमेकींवर तुटून पडल्या. दहा खेळाडू आणि एक सहायक प्रशिक्षक निलंबित झाले. त्या हाणामारीच्या केंद्रस्थानी होती कँडेस पार्कर, लीगमध्ये नुकतीच आलेली आणि त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब जिंकणारी. नव्या ताऱ्याला जुन्यांनी इंगा दाखवायचा, ही रीत जुनीच.

बदललं ते बघणाऱ्यांचं प्रमाण. क्लार्क येण्याच्या आदल्या वर्षी इंडियानाच्या घरच्या सामन्यांना सरासरी चार हजारांच्या आसपास लोक यायचे. २०२४मध्ये ते सतरा हजारांवर गेले. जुलै २०२४मध्ये लीगने ११ वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा सुमारे २.२ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला. म्हणजे ज्या खेळाडूमुळे स्टेडियम भरतं, तिलाच कोर्टवर सगळ्यात जास्त धक्के. पुरुषांची एनबीए बघत आलेल्या नव्या प्रेक्षकाला हे कळेना. तिथे त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं की मोठ्या खेळाडूला फुंकर लागली तरी शिट्टी वाजते.

हे ‘स्टारचे लाड’ खरे असतात का? थोडे खरे आणि बरेचसे दिसायला तसे. स्टारच्या हातात बॉल जास्त वेळ असतो, ती रिंगकडे जास्त घुसते, म्हणून तिला फ्री थ्रो जास्त मिळणारच. तिला धक्का कसा ओढवून घ्यायचा हेही येतं, आणि ते कौशल्यच आहे. पण पंचही माणूस. चांगल्या खेळाडूचा नेम चुकला की काहीतरी लागलं असेल असं वाटणं, नवखीचा चुकला की ती चुकलीच असं वाटणं, हे मनातून पुसता येत नाही. उलट दिशेनेही घडतं. एखादी मुलगी प्रत्येक वेळी हात पसरून पंचांकडे बघत असेल, तर दहाव्या वेळी तिचं खरं असलं तरी पंच वळून बघत नाही. क्लार्क पंचांशी वाद घालते आणि त्याबद्दल तिला टेक्निकलही मिळाले आहेत. तिचे चाहते हा भाग सोयीने विसरतात.

तिच्याच हातून झालेला फ्लेग्रंटही विसरू नये. १७ मे २०२५, पुन्हा शिकागोविरुद्ध. बॉल घेऊन रिंगखाली जाणाऱ्या शिकागोच्या एंजल रीसच्या हातावर क्लार्कने जोरात फटका मारला. पंचांनी लगेच व्हिडिओ बघितला आणि साध्याचा फ्लेग्रंट १ केला. मला तो निर्णय कडक वाटला, चुकीचा नाही. आणि मुख्य म्हणजे तो तिथल्या तिथे झाला.

बरोबर महिन्याने, १७ जून २०२५ला, कनेक्टिकट सनविरुद्ध नेमकं हेच झालं नाही. जेसी शेल्डनचं बोट क्लार्कच्या डोळ्यात गेलं, बाचाबाची झाली, तेवढ्यात मरीना मेब्रीने येऊन क्लार्कला ढकलून पाडलं. शेल्डनला फ्लेग्रंट मिळाला. मेब्रीला मात्र टेक्निकल, ती मैदानातच राहिली. सामन्याच्या शेवटी इंडियानाच्या सोफी कनिंगहमने शेल्डनला धरून आडवं केलं आणि ती बाहेर गेली. हिशोब चुकता! चाहत्यांनी कनिंगहमला रातोरात डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी लीगने मेब्रीचा टेक्निकल बदलून फ्लेग्रंट २ केला, म्हणजे कोर्टवरच तसा दिला असता तर ती सामन्याबाहेर असती.

वरातीमागून घोडं. पंच पहिली ठिणगी विझवत नाहीत तेव्हा खेळाडू न्याय स्वतःच्या हातात घेतात, आणि मग पंचांना जास्त मोठी आग विझवावी लागते. कुठल्याही खेळाच्या जुन्या पंचाला हे माहीत असतं. पहिल्या क्वार्टरमधले दोन स्वस्त फाउल शेवटच्या क्वार्टरमधली एक मारामारी वाचवतात. माझी तक्रार इथेच आहे, आणि ती क्लार्कपुरती नाही. लीग कठोर आहे की मऊ, यावर खेळाडू जुळवून घेतात. रेषा आज इथे, उद्या तिथे, आणि कुठे ते सामना सुरू झाल्यावरच कळणार, याच्याशी जुळवून घेता येत नाही.

पंचांची बाजूही ऐकायला हवी. एनबीएच्या पंचांना वर्षभराची पूर्ण नोकरी असते. डब्ल्यूएनबीएचे बहुतेक पंच उन्हाळ्यात या लीगचे सामने करतात आणि हिवाळ्यात कॉलेजचे किंवा खालच्या लीगचे. नियम थोडे वेगळे, खेळाचा वेग वेगळा, काय चालवून घ्यायचं याची सवय वेगळी. त्यातले चांगले ठरतात ते एनबीएकडे जातात. म्हणजे ही लीग पंच घडवते आणि दुसरी नेते. एका सामन्यात तिघं असतात आणि तिघांच्या मनातली रेषा सारखी असावी लागते. एकत्र सराव कमी असेल तर ती असत नाही.

वर सगळा कारभार बंद दाराआड. एनबीए २०१५पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय तपासून, चुकांसकट, जाहीर करते. डब्ल्यूएनबीए करत नाही. सामन्यानंतर एक पत्रकार सगळ्यांच्या वतीने मुख्य पंचाला मोजके प्रश्न विचारतो, तेवढंच. आणि प्रशिक्षक किंवा खेळाडू पंचांविरुद्ध उघड बोलले की दंड.

यामुळे काय होतं ते २०२४च्या अंतिम फेरीत दिसलं. २० ऑक्टोबर, पाचवा आणि निर्णायक सामना, मिनेसोटा लिंक्स न्यूयॉर्क लिबर्टीविरुद्ध ६०-५८ असे पुढे, ५.२ सेकंद शिल्लक. ब्रियाना स्टुअर्ट रिंगकडे घुसली, अलाना स्मिथचा तिला स्पर्श झाला, शिट्टी. मिनेसोटाच्या प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांनी आव्हान दिलं. व्हिडिओ बघून पंचांनी निर्णय कायम ठेवला. स्टुअर्टने दोन्ही फ्री थ्रो केले, सामना जादा वेळेत गेला, न्यूयॉर्क ६७-६२ जिंकलं. त्यांचं पहिलं अजिंक्यपद. हे आमच्याकडून चोरलं गेलं, असं रीव्ह सामन्यानंतर थेट म्हणाल्या.

आपल्याला ‘अंपायर्स कॉल’ माहीत आहे, म्हणून हे समजायला सोपं जाईल. आव्हानात पंच ‘फाउल होता का’ हा प्रश्न नव्याने विचारत नाहीत. आधीचा निर्णय चूक असल्याचा स्पष्ट पुरावा दिसतो का, एवढंच विचारतात. स्पर्श होता, हलका होता. शिट्टी वाजली नसती तरी व्हिडिओ बघून कुणी ठामपणे ‘चूक’ म्हणू शकलं नसतं. म्हणजे ज्याने पहिल्या क्षणी जे ठरवलं तेच टिकतं. त्या सामन्यात न्यूयॉर्कला २५ फ्री थ्रो आणि मिनेसोटाला ८ मिळाले, हा आकडा खूप फिरला. नुसत्या आकड्याने पक्षपात सिद्ध होत नाही, एक संघ आत घुसत असेल आणि दुसरा लांबून नेम मारत असेल तर असा फरक पडतोच. मला खुपतं ते वेगळं. त्याच सामन्यात आधी तेवढाच हलका स्पर्श चालवून घेतला गेला होता, आणि मग अजिंक्यपद ठरवणारा स्पर्श तेवढा पकडला गेला, असं हरलेल्या संघाला वाटलं तर त्यांना समजावून सांगणारा एकही कागद लीगने काढला नाही.

पुढच्या वर्षी भांडं फुटलं. सप्टेंबर २०२५च्या उपांत्य फेरीत फिनिक्स मर्क्युरीच्या अलिसा थॉमसने मिनेसोटाच्या नफीसा कॉलियरकडून बॉल हिसकावला, दोघी आदळल्या, कॉलियरचा पाय दुखावला. फाउल नाही. रीव्ह कोर्टवर धावल्या, त्यांना बाहेर काढलं गेलं, पंचांच्या कामाबद्दल त्या जे बोलल्या ते छापण्यासारखं नाही. पुढच्या सामन्यासाठी त्या निलंबित झाल्या, १५ हजार डॉलर दंड झाला आणि मिनेसोटा मालिका हरलं. रीव्ह यांना पाठिंबा देणाऱ्या आणखी दोन प्रशिक्षकांनाही दंड झाला.

मग ३० सप्टेंबरला कॉलियर पत्रकारांसमोर आली आणि तिने लिहून आणलेलं वाचून दाखवलं. तिच्या सांगण्यानुसार, तिने पंचांचा विषय काढला तेव्हा लीगच्या प्रमुख, म्हणजे कमिशनर, कॅथी एंगलबर्ट तिला म्हणाल्या की पंचांबद्दल हरणारेच तक्रार करतात. नाचता येईना अंगण वाकडं, थोडक्यात. शिवाय क्लार्कने लीगचे आभार मानायला हवेत, लीगच्या व्यासपीठाशिवाय तिने बाहेर काहीच कमावलं नसतं, असंही त्या म्हणाल्याचा कॉलियरचा दावा होता. एंगलबर्ट यांनी क्लार्कबद्दल असं बोलल्याचं नाकारलं. पण त्याच सुमारास पंचगिरीसकट खेळाच्या स्थितीचा विचार करायला समिती नेमत असल्याचं लीगने जाहीर केलं. कॉलियर जिंकणाऱ्या संघांतली खेळाडू, लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक आणि खेळाडू संघटनेची उपाध्यक्ष. तिला ‘हरणारी’ म्हणणं जड जातं.

या वादात एक बाजू अशी आहे की तिच्याबद्दल हळू आवाजात बोललं जातं. क्लार्क गोरी आहे, लीगमधल्या बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. कार्टरच्या त्या धक्क्यानंतर काही दिवसांतच शिकागोच्या खेळाडूंना वॉशिंग्टनमध्ये हॉटेलबाहेर गाठून त्रास दिला गेला. २०२४च्या प्लेऑफमध्ये इंडियानाविरुद्धच्या मालिकेनंतर अलिसा थॉमस म्हणाली की अकरा वर्षांच्या कारकिर्दीत तिने इंडियानाच्या चाहत्यांकडून आले तसे वर्णद्वेषी शेरे कधी ऐकले नव्हते. एका फाउलची चर्चा त्या मुलीच्या चारित्र्यावर जाते, आणि पुरुषांच्या सामन्यात ज्या वागण्याला ‘जिगर’ म्हटलं असतं त्याला इथे ‘मत्सर’ म्हटलं जातं. बायका मत्सराने धक्के मारतात आणि पुरुष जिंकण्यासाठी, हे ऐकून ऐकून कंटाळा आला आहे.

भारतातून हे सामने बघायचे तर इंडियानाचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. उठलातच तर बॉलकडे बघू नका. पहिली पाच मिनिटं बॉल नसलेल्या चौघींपैकी सगळ्यात चांगली नेमबाज कोण ते ओळखा आणि तिच्या कमरेवर असलेल्या हाताकडे बघत राहा. तो हात तिथे किती वेळ राहतो, आणि जवळचा पंच कुठे बघतोय.